रिकाम्या दावणीचे गोंडे

अंबडला माझ्याकडे साडीच्या पदराला गोंडे लावून घ्यायला बायका येतात. फॉल-पिकोचं काम मी आधीपासून करत होते, गोंड्यांचं मागाहून सुरू झालं. लग्नसराईत घरात बसायला जागा नसते. खाटेवर साड्या, कपाटावर साड्या, मशीनवर साड्या. तयार गोंडा हातात घेऊन, त्याचे धागे बोटांनी विंचरून बायका हमखास विचारतात, "ताई, कुणी शिकवलं हो हे?" मी म्हणते, "शिकले अशीच, बघून बघून." खरं सांगायला गेलं तर सगळंच सांगावं लागेल, आणि ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बाईला तेवढा वेळ नसतो. मलाही ते प्रत्येकीसमोर नव्यानं गिळायचं नसतं.

शिकवलं माझ्या वडिलांनी. साडीसाठी नाही, बैलांसाठी.

माझं माहेर जाफराबादच्या पुढं. एसटीनं जाफराबादला उतरायचं आणि जीप भरायची वाट बघत बसायचं. बाबांची शेती कापसाची आणि सोयाबीनची, गावात इतरांची असते तशीच. बाबांचं वेगळं काही असेल तर एवढंच, की पोळ्याला बैलांसाठी ते बाजारातून काही तयार आणत नसत. श्रावण लागला की जाफराबादहून रंगीत लोकर आणायची आणि दुपारच्या वेळी ओसरीत बसून गोंडे करायचे. शिंगांना वेगळे, कपाळावर वेगळे, तोंडावर बांधायच्या म्होरकीला लोंबते, झुलीच्या चारी कोपऱ्यांना जाडजूड. शेजारीपाजारी चेष्टा करत, "बाजारात ढीग लागलाय, कामून डोळे फोडून राह्यला?" बाबा म्हणत, "बैल वर्षभर माझं करतो. मी त्याचं एक दिवस करू नये का?"

आई लवकर गेली. भाऊ माझ्याहून धाकटा. त्याला धाग्यादोऱ्यात बसायचा कंटाळा. तो पाण्याची मोटर खोलून बसायचा आणि ती परत जोडूनही दाखवायचा. त्याचे हात त्या बाजूचे होते. त्यामुळे बाबांच्या समोर लोकरीचा गुंडा धरून बसायचं काम माझ्याकडं आलं. मी चार बोटं ताठ धरायची, ते त्यांच्यावर लोकर गुंडाळायचे. पुरेसे वेढे झाले की वरून दोरा ओवून गाठ मारायची, बोटं काढून घ्यायची, मग गळ्याशी आवळून बांधायचं आणि खालचे वेढे कापून मोकळे करायचे. "गळा घट्ट पाह्यजे माय," ते म्हणायचे, "खालचे केस किती बी उडू दे, गळा ढिला पडला की गोंडा गेला." ते मला माय म्हणत. लग्न होऊन अंबडला आले, मुलं झाली, मुलं मोठी झाली, तरी फोनवर आधी शब्द तोच, "माय, जेवलीस का?"

काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी बैलांना पाणी पाजून आले, पायरीवर बसले आणि उठता येईना. जालन्याला दवाखान्यात आणलं. मी अंबडहून धावत आले. डावा हात, डावा पाय गेला होता, तोंड जरा वाकडं झालं होतं, पण बोलणं समजत होतं. थोडं सावरल्यावर पहिलं वाक्य काय बोलले असतील? डाव्या हाताकडं बघून म्हणाले, "माझा डावा बैल बसला वाटतं." मी हसले आणि बाहेर जाऊन रडले.

दवाखान्यात मी राहिले. भाऊ गाव आणि जालना करत होता. त्याची ओढाताण मी डोळ्यांनी बघत होते, ते नाकारत नाही. एका दुपारी त्याचा फोन आला. इकडं बाबांना तपासणीला आत न्यायचं होतं, ढकलगाडी धरायला माणूस मिळत नव्हता. तो म्हणाला, "अक्का, बैलांचं काय करू? वैरण-पाणी कोण बघंल? माझ्याच्यानं न्हाई होऊन राह्यलं." मी म्हणाले, "बघ बाबा तुला काय करायचं ते. मला इथं श्वास घ्यायला फुरसत न्हाई." आणि फोन ठेवला. शेजाऱ्याला सांगेल, गडी लावेल, असं मला वाटलं. दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं.

बाबा घरी गेले. मी अंबडला परतले. अधूनमधून जात होते, पण माझाही संसार होता. नवरा बियाण्यांच्या दुकानात कामाला, जून-जुलैत त्याला घरी यायला उशीर, घर माझ्यावर. मग श्रावणात भावाचाच फोन आला. खुरपणीला माणसं मिळत नव्हती, भावजयीला रानात जावं लागत होतं आणि बाबांजवळ कुणी नव्हतं. "पोळ्यापर्यंत येऊन ऱ्हा," तो म्हणाला. मी कपडे भरले आणि गेले.

बाबांची खाट ओसरीत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डाव्या हाताला काहीतरी काम देत राहा, बोटं हलती ठेवा. भावजयीनं रबरी चेंडू आणून दिला होता. बाबा तो उशीखाली टाकत. मी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "माय, पोळा आला. लोकर आणायला सांग."

मला वाटलं, चेंडूपेक्षा हे बरं. भावाला सांगितलं तेव्हा तो पायातली चप्पल काढत होता. तो जरा थांबला. मग म्हणाला, "आणतो की." आणि खरंच आणली. लाल, पिवळी, हिरवी, राणी रंगाची. पिशवी खाटेवर ठेवली आणि निघून गेला. त्याचं ते थांबणं मला तेव्हा खटकलं नाही. पुढं कितीतरी वेळा आठवलं.

आम्ही दोघं कामाला लागलो. गोंडा बांधायला दोन हात लागतात. बाबांकडं एक होता, म्हणून दुसरा मी झाले. मी बोटं धरायची, ते उजव्या हातानं वेढे घ्यायचे. गाठ मारताना दोऱ्याचं एक टोक ते दातात धरायचे, दुसरं मी ओढायची. सुरुवातीला गोंडे वेडेवाकडे झाले. बाबा ते डोळ्यांपुढं धरून म्हणायचे, "हा काय गोंडा हाये? शेळीची दाढी हाये ही. सोड." सोडून पुन्हा बांधायचा. डाव्या हाताच्या मुठीत मी लोकरीचा गुंडा ठेवून द्यायची. तो सुटून खाटेखाली घरंगळायचा. मी उचलून परत ठेवायची.

आणि एक दिवस तो सुटला नाही. बाबा वेढे घेत होते, लोकर ताणली गेली, आणि त्या मेलेल्या बोटांनी गुंडा धरून ठेवला. घट्ट नाही, पण धरला. बाबांनी आधी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला म्हणाले, "चहा टाक." त्या चहाची चव मला अजून आठवते, साखर जास्त पडली होती.

येणारेजाणारे खाटेजवळ टेकत. बाबा प्रत्येकाला विचारत, "बैल दिसले का माझे?" बैलांचा गोठा ओढ्यापलीकडं मळ्यात होता, घरून दिसत नव्हता. माणसं म्हणायची, "दिसले की. मस्त हायेत." एक जण तर म्हणाला, "उजवा लई माजलाय, आवरत न्हाई." बाबा खूश. त्यांनी भावाला अनेकदा सांगितलं, "एकदा दारात आणून दाखव." भाऊ म्हणायचा, "ओढ्याला पाणी हाये बाबा, चिखल हाये. पोळ्याला आणायचेच हायेत की." मी एकदा मळ्यात जाते म्हणाले तर भावजयीनं हात धरला. "कशाला जाता अक्का, घसरून पडाल." मला ते प्रेम वाटलं.

पोळा अगदी तोंडावर आला तेव्हा म्होरक्यांचं काम राहिलं होतं. बाबांनी एक सुतळी माझ्या हातात दिली. म्हणाले, "उजव्याचं तोंड भरलं असंल आता. खाऊन बसून राह्यलाय उन्हाळ्यापासून. जा, माप घेऊन ये. नाकावरून घे, कानामागून घे, गाठी मारून आण." भाऊ तालुक्याला गेला होता, भावजय शेजारी. मी चप्पल हातात घेतली आणि ओढा ओलांडला. पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं.

गोठ्याजवळ पोचले तेव्हा आधी लक्षात आलं ते हे, की शेणाचा वास नाही. आत खताच्या गोण्या रचलेल्या. गव्हाणीत तुषार सिंचनाच्या पाइपांची भेंडोळी. दावणीचे खुंटे होते त्या जागी फवारणीचा पंप, तेलाचे डबे. एक कोंबडी गव्हाणीच्या कोपऱ्यात अंड्यावर बसली होती, ती माझ्याकडं बघून ओरडली. मी तरी बाहेर येऊन बांधावर बघितलं. चरायला सोडले असतील. बाभळीखाली बघितलं.

शेजारच्या रानात एक म्हातारी खुरपत होती. मी विचारलं, "मावशे, आमचे बैल कुठंत?"

तिनं खुरपं थांबवलं. "बैल? अगं ते तर उन्हाळ्यातच दिले की तुझ्या भावानं. व्यापारी आल्ता टेम्पो घेऊन." मग माझं तोंड बघून म्हणाली, "तुला न्हाई सांगितलं? आम्हाला तर म्हणला, म्हाताऱ्याजवळ बोलू नका. डॉक्टरनं सांगितलंय म्हणला."

मी बांधावर बसले. हातात ती सुतळी. गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. खाटेजवळ बसून, आमचा चहा पिऊन, 'उजवा लई माजलाय' म्हणणाऱ्या त्या माणसालाही माहीत होतं. खोटं बोलताना त्याला मौज वाटली असेल का? की दया? मला दोन्हींची सारखीच किळस आली.

घरी आले तेव्हा बाबांचा डोळा लागला होता. मी अंगणात उभी राहिले. भाऊ गाडीवरून आला. त्यानं माझ्या पायांचा चिखल बघितला आणि ओळखलं.

"मळ्यात गेल्तीस?" तो म्हणाला.

"कामून विकलेस?"

"हळू बोल." त्यानं मला पाण्याच्या टाकीमागं नेलं. "कोण करणार होतं त्यांचं? मी एकटा. ट्रॅक्टर हाये तर बैल कशाला लागतात आता? दवाखान्याचा खर्चा वेगळा. अन् डॉक्टर म्हणले, धक्का बसू देऊ नका."

"मंग लोकर कामून आणलीस?"

त्यानं टाकीची तोटी उगाच घट्ट केली. मग म्हणाला, "त्यात त्यांचं मन रमून राह्यलं होतं. हात हलायला लागला ना? तुझ्यासमोरच हलला ना?"

"आत्ता सांग त्यांना."

"पोळा होऊ दे अक्का. पोळ्यानंतर मी सांगतो, बराबर सांगतो."

"पोळ्याला काय दाखवणार आहेस? कुणाचे बैल आणून उभे करणार? तू सांग, न्हाईतर मी सांगते. आत्ता."

मी बरोबर होते. आजही मला तसंच वाटतं. पण त्या घटकेला मी जरा कमी बरोबर असते, एक दिवस गप्प बसले असते, तर पुढचं वेगळं झालं असतं का, हा प्रश्न माझ्या मागं लागला आहे.

भाऊ आत गेला. मी मागून गेले. बाबा जागे झाले होते. मला बघून म्हणाले, "आणलं का माप?"

भाऊ खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता. तो म्हणाला, "बाबा, बैल दिले."

"कुणाला? नांगरटीला?"

"विकले. तुम्ही दवाखान्यात होतात तव्हाच. वैरणीला कुणी नव्हतं." आणि मग, माझ्याकडं न बघता, "अक्काला विचारूनच दिले."

मला आधी ते वाक्य समजलंच नाही. समजलं तेव्हा मी म्हणाले, "काय बोलून राह्यलास? बाबा, मला आत्ता कळलं, आत्ता मळ्यातून आले मी..."

"फोनवर बोलली न्हाईस का तू? बघ तुला काय करायचं ते, म्हणली न्हाईस?"

बाबांनी मान माझ्याकडं वळवली. त्यांना मान वळवायलाही वेळ लागत होता. "बोललीस का तसं?"

"बोलले बाबा, पण..."

"बस."

माझा 'पण' तिथंच राहिला. त्यापुढचं एकही अक्षर त्यांनी कधी ऐकून घेतलं नाही. भाऊ बाहेर निघून गेला. बाबा माझ्याकडं बघत राहिले. मग शेजारच्या टोपलीकडं बघितलं, आमच्या सगळ्या गोंड्यांनी ती भरत आली होती. म्हणाले, "रडत्या पोराला खुळखुळा द्यावा, तशी लोकर दिलीस मला. अन् समोर बसून बोटं धरलीस."

मी त्यांचे पाय धरले. शपथ घेतली, मुलांची घेतली. त्यांनी डोळे मिटून घेतले. पाय काढून घ्यायची ताकद त्यांच्यात नव्हती. असती तर घेतले असते, ते मला त्या पायांच्या ताणावरून कळलं.

मुलानं विकले याचा राग त्यांना आला नव्हता असं नाही. पण मुलानं केलं ते व्यवहार म्हणून केलं, त्याला ट्रॅक्टरचं कळतं, बैलाचं कळत नाही, हे बाबांनी मनातून कधीच मान्य केलेलं होतं. माझं तसं नव्हतं. मला कळत होतं. कळत असून मी त्यांना लहान पोरासारखं खेळवलं, असं त्यांच्या मनात बसलं. ते बसवणारा अंगणात गाडी पुसत होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि त्याच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. गल्लीत कुणीकुणी ते म्हणत होतं, ओसरीत ऐकू येत होतं. बाबांनी भावजयीला दार लोटायला सांगितलं.

पोळ्याच्या दिवशी भावानं ट्रॅक्टर धुतला. गावात आता बैलजोड्या थोड्या आणि ट्रॅक्टर जास्त, ट्रॅक्टरही मिरवतात. तो ओसरीत आला आणि टोपलीजवळ घुटमळला. मला वाटलं, एवढं तरी तो करणार नाही.

"बाबा, हे नेऊ का? वाया जाण्यापरीस..."

बाबा म्हणाले, "सगळे ने. एक बी घरात ठेवू नको."

त्यानं सगळे नेले. शिंगांचे गोंडे आरशांना बांधले, कपाळावरचा बोनेटवर, झुलीचे मडगार्डला. एक सायलेन्सरच्या नळीला बांधला, तो वेशीपर्यंत जाईस्तोवर धुरानं काळा पडला. डीजे लावला होता. पोरं नाचत होती. वेशीत तोरणाखाली जे थोडे बैल उभे होते ते आवाजानं बिथरत होते. कुणीतरी माझ्या भावाला म्हणालं, "लई झकास सजवलास गड्या, कुठून आणले गोंडे?" भाऊ हसला. मी तिथून परत आले. पुरणपोळीचा नैवेद्य ट्रॅक्टरला दाखवला, तेव्हा मी माझी बॅग भरत होते.

निघताना बाबांच्या पाया पडले. ते भावजयीला म्हणाले, "जीप चुकंल म्हणावं, जल्दी निघ." मी समोर उभी होते. आणि तो डावा हात त्यांनी चादरीखाली घेतला होता. भावजयीनं नंतर फोनवर सांगितलं, ते त्या हाताला व्यायाम करू देत नाहीत, कुणी बोटं चोळायला गेलं की ओरडतात. सुधारत होता तो हात. तो तसाच वाळून गेला.

पण मी स्वस्थ बसले नाही. भावाच्या मागं लागून विचारलं, व्यापाऱ्यानं बैल कुठं नेले. आधी माहीत नाही म्हणाला, मग म्हणाला शहागडकडं कुणा ऊसवाल्यानं घेतल्याचं ऐकलं. शहागड आम्हाला अंबडहून जवळ. एका रविवारी नवऱ्याला घेऊन मोटरसायकलवर गेले. हॉटेलात विचारलं, टायरच्या दुकानात विचारलं, नदीकडच्या वस्त्यांवर फिरलो. लाल रंगाची जोडी, उजव्याच्या शिंगाचं टोक जरा आत वळलेलं. लोक म्हणायचे, "लाल बैल लई हायेत बाई." नवरा कंटाळला पण तोंडानं काही बोलला नाही, त्याचे उपकार आहेत.

शेवटी एका वस्तीवर लिंबाखाली एक लाल बैल दिसला. एकटाच. शिंगाचं टोक आत वळलेलं. अंगावर हाडं वर आलेली, खांद्याला गाठ. मालक म्हणाला, जोडीचा दुसरा पावसाळ्यात मेला. आपण कुठून घेतला ते त्याला नीट सांगता येईना, बाजारातून एवढंच. मी बैलाच्या गळ्याखाली हात घातला. त्यानं मान वर केली, जशी कोणताही बैल करतो. मी मोबाइलवर त्याचं चित्रण केलं, शिंगाचं जवळून, तोंडाचं जवळून.

भाऊबीजेला गावी गेले. बाबा आणखी खालावले होते. मी मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. "बाबा, हा बघा. उजवा. शहागडला हाये. बघा तर."

त्यांनी बघितलं. पूर्ण बघितलं, शेवटपर्यंत. शिंग आलं तेव्हा त्यांच्या गळ्याची घाटी हलली. मग त्यांनी भावजयीला हाक मारली आणि तिला म्हणाले, "हिला सांग, हा आपला न्हाई."

तो आपला होता की नव्हता? मी घरी जाऊन ते चित्रण किती वेळा बघितलं. कधी वाटतं तोच, कधी वाटतं मी ओढूनताणून तोच करते आहे. बाबांनी ओळखला नाही, की ओळखून नाकारला, की मी आणलेलं काहीच त्यांना घ्यायचं नव्हतं? विचारायचं कुणाला?

थंडीत ते गेले. फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या पदराला गोंडे बांधत होते. तशीच उठले. मी पोचेपर्यंत त्यांना खाली घेतलेलं होतं. तोंड सरळ झालेलं दिसत होतं, आजारपणातलं वाकडेपण गेलं होतं.

दहाव्याला पिंड ठेवला. अशा माणसाच्या पिंडाला कावळा लवकर शिवणार नाही, काही इच्छा राहिली असेल, असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मला ते हवंच होतं. कावळा अडावा, लोकांनी विचारावं, म्हाताऱ्याच्या मनात काय होतं, आणि मग भावाला चारचौघांत तोंड उघडावं लागावं. पिंड ठेवून माणसं बाजूला झाली नाहीत तोच कावळा आला आणि त्यानं चोच मारली. सगळे म्हणाले, "तृप्त गेला म्हातारा." मला त्या कावळ्याचा इतका संताप आला की मी तोंडात पदर कोंबला. बायकांना वाटलं, लेक रडते आहे.

वर्षश्राद्धाला मी भावाला गोठ्याकडं घेऊन गेले. तिथं कुणी नव्हतं. मी विचारलं, "कामून बोललास तसं? बैल विकलेस, विकलेस. माझं नाव कामून घेतलंस?"

मला वाटलं, तो नाकारेल, किंवा रागावेल. तो गोणीवर बसला. थकलेला दिसत होता, केस पांढरे झाले होते. म्हणाला, "तुझ्याशी बोलले न्हाईत तर तुझं काय अडलं, अक्का? तू अंबडला निघून गेलीस. मी इथं होतो. त्यांना उचलायचं, धुवायचं, खाऊ घालायचं, मलाच होतं. माझ्यावर रुसले असते तर माझ्या हातचा घास घेतला असता त्यांनी? उपाशी मेले असते. तुला ठाऊक हाये त्यांचा स्वभाव."

"म्हून माझा बळी दिलास."

"काही तरी द्यावंच लागणार होतं," तो म्हणाला.

तो म्हणाला त्यात खरं होतं, आणि त्याचाच राग मला सगळ्यात जास्त आहे. बाबांना त्यानं शेवटपर्यंत केलं, पाठीला जखम होऊ दिली नाही, हे गाव सांगतं आणि ते खोटं नाही. मी माहेरवाशीण, येऊन जाऊन. माझ्यावरचा राग त्यांना परवडत होता, त्याच्यावरचा परवडत नव्हता. हिशेब त्यानं बरोबर मांडला, फक्त मला न विचारता.

"मंग आता तरी लोकाला सांग," मी म्हणाले. "ते गेले. आता कुणाचा घास अडतोय?"

"कुणाला सांगू?" त्यानं विचारलं. "ज्याला सांगायचं तो हाये कुठं?" आणि उठून पंगतीचं बघायला गेला.

मी अजून राखीला जाते. भाऊ पाया पडतो, भावजय आग्रह करून वाढते, साडी नेसवते. ओसरीत खाटेच्या जागी आता मोठा टीव्ही आला आहे, त्याच्या आवाजात बोलावं लागत नाही, ते एक बरं. परत येताना नवरा मला विचारतो, "केलंस का माफ त्याला?" मी म्हणते, "त्यानं मागितली कुठं?"